दहा महिन्यांचं बाळ आणि पॅरिसचे दोन आठवडे

ताई, मी नाशिकची. माझी मुलगी ऑगस्टअखेर दहा महिन्यांची होईल. नवऱ्याला कंपनीच्या कामासाठी तेव्हा दोन आठवडे पॅरिसला जायचंय. त्याचं ऑफिस तिथल्या 'ला देफाँस' नावाच्या भागात आहे. तो म्हणतो, तिघंही जाऊ. मलाही फार जायचंय, लग्नाआधीपासूनची इच्छा आहे. पण घरात कुणालाच पटत नाही. सासूबाई म्हणतात, "एवढ्याशा पोरीला काय कळणार? आणि परमुलखात आजारी पडली तर कुणाला हाक मारशील?" आई म्हणते, वर्षभर थांब. मैत्रिणीनं आयफेल टॉवर, लूव्र संग्रहालय, व्हर्सायचा राजवाडा, डिस्नीलँड आणि शेवटी चार दिवस स्वित्झर्लंड अशी यादी करून दिली आहे. दिवसभर मी आणि लेक दोघीच असणार, भाषा येत नाही, आम्ही शाकाहारी. जावं का? आणि गेले तर निभेल का?
— एका छोटीची आई, नाशिक

प्रिय मैत्रिणी,

जा.

सासूबाईंचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून आधी त्यांची उत्तरं देते. मग यादीकडे वळू. तुझं पत्र वाचून मला बाळाची काळजी वाटली नाही, त्या यादीची वाटली.

पोरीला काय कळणार? तिला पॅरिस आठवणार नाही, हे अगदी खरं. पण हा प्रवास तिच्या आठवणींसाठी नाहीच, तुझ्यासाठी आहे. बाळंतपणानंतर पहिलं वर्ष बाईचा दिवस दूध, लंगोट आणि झोप यांच्यातच फिरत राहतो. "तिला जावंसं वाटतं" एवढं कारण आपल्या घरांमध्ये पुरेसं मानलं जात नाही. माझ्या मते ते पुरेसं आहे. तू पत्रात इच्छा एका वाक्यात उरकलीस आणि बाकी सगळी जागा इतरांच्या मतांना दिलीस, हे वाचून मला वाईट वाटलं.

आईचं "वर्षभर थांब" हे मायेपोटी आहे, पण हिशोब उलटा आहे. दहा महिन्यांचं बाळ बसतं, रांगतं, आपलं आपण पळत नाही. बाबागाडीत बसून झाडं, कबुतरं, माणसं बघण्यात त्याचा तास सहज जातो आणि दिवसातून दोनदा ते गाडीतच झोपून जातं. दीड-दोन वर्षांचं मूल गाडीत बसायला तयार नसतं, हात सोडवून रस्त्याकडे धावतं, आणि दोन वर्षं पूर्ण झाली की विमानाचं वेगळं आसनही घ्यावं लागतं. आत्ता ती मांडीवरचं बाळ म्हणून बऱ्याच विमान कंपन्यांत भाड्याच्या साधारण दहा टक्क्यांत जाईल. मी काही वर्षं पॅरिसमध्ये राहिले, माझा मुलगा तिथंच लहानाचा मोठा झाला. कुणी निवड करायला सांगितली, तर मी दहाव्या महिन्याचीच वेळ निवडेन.

आता दुसरा प्रश्न. आजारी पडली तर?

लहान मुलांच्या आजारांसाठी वेगळं इस्पितळ असावं ही गोष्ट जगात ज्या शहरात पहिल्यांदा झाली, त्याच शहरात तू चालली आहेस. तिथलं मुलांचं इस्पितळ १८०२ साली सुरू झालं. आज ते नेकेर या नावानं ओळखलं जातं, शहराच्या १५व्या विभागात आहे आणि मुलांसाठी रात्रंदिवस उघडा असलेला तातडीचा विभाग तिथं आहे. हे सासूबाईंना नक्की सांग. तातडीच्या वैद्यकीय मदतीचा नंबर १५, आणि युरोपात कुठूनही चालणारा ११२. ताप, जुलाब अशा घाबरवणाऱ्या पण तातडीच्या नसलेल्या वेळी घरी येणारे डॉक्टर मिळतात. त्या सेवेचं नाव एसओएस मेदसँ, नंबर ३६२४. हे तीन नंबर फोनमध्ये साठव आणि कागदावर लिहून पर्समध्येही ठेव. औषधाचं दुकान हिरव्या क्रॉसवरून ओळखायचं. तिथल्या फार्मासिस्टला बाळाबद्दल विचारणं अगदी रोजचं आहे, संकोच करू नकोस.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेव. तापाच्या औषधाचं मोजमाप. आपल्याकडे पॅरासिटामॉल बाळांसाठी थेंबांच्या बाटलीत वेगळ्या तीव्रतेचं असतं, सिरपमध्ये वेगळ्या. फ्रान्समध्ये दोलिप्रान नावानं मिळणाऱ्या बाळांच्या सिरपसोबत जी पिचकारी येते, तिच्यावर मिलिलिटर नसतात, बाळाच्या वजनाचे किलो असतात. म्हणून इथल्या बाटलीचा ड्रॉपर तिथल्या बाटलीत किंवा तिथली पिचकारी इथल्या बाटलीत कधीच वापरायची नाही. निघायच्या आठवड्यात बाळाचं वजन करून घे, तुझ्या बालरोगतज्ज्ञांकडून तापाचं, उलटी-जुलाबाचं औषध प्रमाणासह लिहून घे आणि ते सगळं इथूनच ने. चिठ्ठी इंग्रजीत आणि औषधाच्या मूळ नावासकट असू दे. आणि गोवर-रुबेलाची पहिली लस आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, म्हणजे तुझ्या लेकीची जुलैअखेरीस येईल. ती चुकवू नकोस. युरोपात गोवर अजून अधूनमधून डोकं वर काढतो.

आता यादी.

स्वित्झर्लंड काढून टाक. डिस्नीलँडही काढ. तिथल्या बहुतेक मोठ्या खेळण्यांना उंचीची अट असते आणि दहा महिन्यांच्या बाळासाठी तो दिवस म्हणजे रांगा आणि आवाज. व्हर्सायचा राजवाडा बघायचाच असेल तर एखाद्या शनिवारी नवऱ्यासोबत बघ (सोमवारी तो बंद असतो). मला विचारशील तर तोही या खेपेला राहू दे. स्वित्झर्लंडबद्दल तुला वाईट वाटेल हे मला समजतं, "एवढं लांब आलो तर" ही आपली सगळ्यांची भावना असते. पण बाळाला नव्या जागी रुळायला तीन-चार दिवस लागतात. पाळणा कुठला, उजेड कुठून येतो, अंघोळ कशी, हे तिच्या अंगवळणी पडायला लागलं की तुझी रात्रीची झोप परत येते. ते जमलं न जमलं तोच सामान बांधायचं, आगगाडीत चार तास, नवं हॉटेल, पुन्हा रडारड. चार दिवसांतले दोन तसेच जातील. एकच शहर, एकच घर, दोन आठवडे. मग बघ, पंधराव्या दिवशी कोपऱ्यावरचा पाववाला तुझ्या पोरीला ओळखत असेल.

घर म्हणतेय, हॉटेल नाही, हे मुद्दाम. कंपनी हॉटेल देत असेल तर नवऱ्याला विचारायला सांग की त्याच पैशात स्वयंपाकघर असलेलं छोटं अपार्टमेंट किंवा अपार्ट-हॉटेल मिळेल का. पॅरिसमधल्या हॉटेलच्या खोल्या लहान असतात. दोन पलंगांच्या मध्ये बाबागाडी मावत नाही, आणि चहाची किटलीही बऱ्याच ठिकाणी नसते. घर ठरवताना चार गोष्टी विचार: लिफ्ट आहे का, आणि आहे तर तिच्यात बाबागाडी मावते का (जुन्या इमारतींमधल्या लिफ्ट एका माणसापुरत्या असतात), कपडे धुण्याचं यंत्र आहे का, बाळाची घडीची खाट मिळेल का, आणि वातानुकूलन किंवा निदान पंखा आहे का. ऑगस्टअखेरीस हवा बहुतेक वेळा छान असते, पण मधेच उष्णतेची लाट आली की जुन्या दगडी घरांच्या वरच्या मजल्यावर बाळाचा जीव कासावीस होतो. अंघोळीसाठी तिथं बादली-तांब्या नसणार. हवा भरून फुगवायचा छोटा टब इथून ने, आणि तांब्यासुद्धा. हँडशॉवरचा फवारा अंगावर आला की कितीतरी बाळं भेदरतात. तांब्यातलं पाणी तिच्या ओळखीचं आहे.

कुठं राहायचं? माझं मत १५व्या विभागाला. पर्यटकांच्या पुस्तकात त्याचं नाव फारसं नसतं, कारण तिथं साधी नोकरदार कुटुंबं राहतात. पण म्हणूनच तिथं बागा आहेत, किराणा आहे, बाबागाड्या ढकलणाऱ्या आया आहेत. आयफेल टॉवर चालत गाठता येतो, आणि ज्या इस्पितळाबद्दल मी वर लिहिलं ते याच विभागात आहे. ला देफाँसला जायला नवऱ्याला एकदा मेट्रो बदलावी लागेल, तेवढं त्याला सोसेल.

आता या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगते: बाबागाडी घेऊन एकटीनं पॅरिसच्या मेट्रोत शिरू नकोस. ती मेट्रो १९०० साली सुरू झाली. जुन्या स्टेशनांत जिने आहेत, मार्गिका बदलताना पुन्हा जिने, लांबच लांब बोगदे, वर बाहेर पडताना आणखी जिने. लिफ्ट असलेली स्टेशनं फार थोडी. १९९८ साली सुरू झालेली १४ नंबरची मार्गिका तेवढी पूर्णपणे लिफ्टसकट बांधलेली आहे. लोक मदत करतात, हे आवर्जून सांगते. जिन्याच्या तोंडाशी तू थांबलीस की कुणीतरी न विचारता गाडीचं पुढचं चाक उचलतं. पण रोजचा दिवस अशा मदतीच्या भरवशावर ढकलायचा नसतो.

तुझं वाहन म्हणजे बस. पॅरिसच्या बसचा तळ रस्त्याच्या पातळीला असतो, मधल्या दारानं बाबागाडी न मिटता आत नेता येते, आणि आत तिच्यासाठी मोकळी जागा ठेवलेली असते. ती जागा चाकाच्या खुर्चीसाठीही असते आणि तिचा हक्क पहिला. अगदी गर्दीच्या वेळी गाडी मिटायला सांगतात, म्हणून सकाळी साडेनऊनंतर निघ आणि साडेचारच्या आत परत फिर. चार वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. आणि बसमधून शहर दिसतं! ६९ नंबरची बस आयफेल टॉवरसमोरच्या शाँ द मार्स मैदानापासून निघते. ऑर्से संग्रहालय, लूव्र, नगरपालिकेची भव्य इमारत, बास्तीय चौक असं करत पूर्वेला जाते. पहिल्या आठवड्यात एका सकाळी नुसतं तिच्यात बस. पर्यटकांच्या बससाठी लोक कितीतरी पट पैसे मोजतात, तोच रस्ता साध्या तिकिटात बघून होतो.

मेट्रोचा एकच प्रवास मला तुझ्या वाट्याला यावा असं वाटतं, तोसुद्धा नवरा सोबत असताना, बाळाला पोटाशी बांधून. ६ नंबरची मेट्रो पासी आणि बिर-हाकेम या स्टेशनांच्या मध्ये पुलावरून सीन नदी ओलांडते आणि खिडकीत अचानक आख्खा आयफेल टॉवर उभा राहतो.

बाबागाडी हलकी, एका हातानं मिटणारी ने. सोबत पोटाशी बांधायची कॅरिअर किंवा सुती ओढणीची झोळी हवीच. मोंमार्त्रच्या टेकडीवर पायऱ्या आणि दगडी फरशीचे चढ आहेत, तिथं गाडी घरी ठेव. वर जायला छोटी केबल रेल्वे आहे. आणि गाडीच्या दांड्याला पर्स अडकवायची सवय असेल तर आजपासून मोड. पाकीटमार नेमके अशाच आयांवर नजर ठेवून असतात.

आता दिवस कसा जाईल ते बघू. तेव्हा तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. तुझी लेक नाशिकला सातला उठत असेल, तर तिथं पहाटे साडेतीनला टक्क जागी होणार. घाबरू नकोस, आणि तिला पूर्ण तिथल्या वेळेवर आणायचा हट्टही धरू नकोस. दोन आठवड्यांसाठी अर्धी वाट चालली तरी पुरे. रात्री सात-साडेसातला झोप आणि सकाळी पाच-साडेपाचला उठणं, इथवर ती चार दिवसांत येईल. दुपारी उजेडात भरपूर फिरव आणि पहाटे उठली तर दिवे मंद ठेव, खेळ मांडू नकोस. ऑगस्टअखेरीस तिथं संध्याकाळी साडेआठपर्यंत उजेड असतो. पडदे पातळ असतील तर गडद कापड आणि चिमटे सोबत असू देत. लवकर उठण्याचा एक लाभही आहे. सात वाजता पावाची दुकानं उघडतात, रस्ते नुकतेच धुतलेले असतात आणि सीनच्या काठचे रस्ते जवळजवळ रिकामे. नदीकाठच्या मोठ्या पट्ट्यात गाड्यांना बंदी केलेली आहे, तिथं बाबागाडी सरळ जाते, धक्का नाही, हॉर्न नाही.

दिवसात एकच ठिकाण. सकाळच्या झोपेनंतर निघायचं, ते ठिकाण बघायचं, बागेत जेवायचं, दुपारची झोप बसमध्ये किंवा गाडीत, चारपर्यंत घर. पाऊस असेल, बाळ चिडचिडं असेल, तुझं डोकं दुखत असेल, तर तेही ठिकाण नाही. खाली उतरून बागेतल्या बाकावर बसलीस तरी तू पॅरिसमध्येच आहेस.

ठिकाणांबद्दल लिहायला बसले तर पान पुरणार नाही. माझ्या आवडीची थोडी सांगते.

लूव्रमध्ये जाच, १८ वर्षांखालच्यांना तिथं तिकीट नाही, फक्त मंगळवार टाळ आणि तुझं तिकीट वेळेसकट आधी काढून ठेव. पण बाबागाडी घेऊन मोनालिसाच्या दालनात जाऊ नकोस. ती गर्दी बाळाच्या नाकाच्या उंचीवर फार त्रासदायक असते. लूव्रच्याच रिशलिय नावाच्या भागात काचेच्या छताखाली दोन मोठी प्रांगणं आहेत, मार्ली आणि प्युजे. संगमरवरी घोडे, झाडं, वरून पडणारा सूर्यप्रकाश, ऐसपैस जागा. तिथं बस, बाळाला घोडे दाखव, एका तासात बाहेर पड. लूव्र पूर्ण बघणं कुणालाच एका दिवसात जमत नाही, तुझ्यावर ते ओझं नको.

जवळच तुइलरी बागेच्या टोकाला ओरांजरी हे लहान संग्रहालय आहे. क्लोद मोने या चित्रकारानं आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत रंगवलेली कमळांची आठ भव्य चित्रं तिथं दोन लंबगोल दालनांमध्ये भिंतभर लावली आहेत. १९२७ पासून ती तिथंच आहेत. दालनाच्या मध्ये बसायला जागा आहे आणि लोक आपोआप हळू बोलतात. बाळ झोपलेलं असताना इथं जा. हेही मंगळवारी बंद. रोदँ या शिल्पकाराच्या संग्रहालयाची बाग तशीच मनाजोगी. शिल्पं झाडांमध्ये, उघड्यावर आहेत, रडणं-हसणं कुणाच्या कानाला लागत नाही. ते सोमवारी बंद असतं.

आयफेल टॉवरवर लिफ्टनं चढता येतं, गाडी मिटून उचलावी लागते, रांगा मोठ्या. एकटी असताना जाऊ नकोस. दोघं असाल त्या दिवशी जा, किंवा वर न जाता समोरच्या हिरवळीवर चादर अंथरून तिला रांगू दे. सूर्यास्तानंतर दर तासाला काही मिनिटं टॉवर लखलखतो. तिची झोपायची वेळ झालेली असेल, तेव्हा एका संध्याकाळी नवऱ्याला घरी बसव आणि तू एकटी जाऊन बघून ये.

आणि लक्झेंबर्ग बाग. तिथं एक नाही, तीन-चार दिवस घालव. मारी द मेदिची या राणीनं १६१२च्या सुमारास तिचा पाया घातला. आज तिथं मधल्या गोल तळ्यात मुलं काठीनं ढकलून शिडाच्या लाकडी होड्या सोडतात, लाकडी घोड्यांचं जुनं मेरी-गो-राउंड आहे, वाळूचे हौद आहेत, आणि हिरव्या लोखंडी खुर्च्या कुठंही ओढून बसता येतं. भाषा येत नाही म्हणतेस, पण वाळूच्या हौदाकाठी दोन आया बसल्या की बाळाचं वय बोटांनी दाखवून होतं आणि पुढचं आपोआप जमतं. दुकानात, बसमध्ये शिरताना मात्र पहिल्यांदा "बोंजूर" म्हणायचं. न म्हणता थेट प्रश्न विचारला तर तिथल्या लोकांना तो उर्मटपणा वाटतो, म्हटलं की तोच माणूस तुझ्यासाठी दार धरून उभा राहतो.

लंगोट बदलायची सोय हा पॅरिसचा कच्चा दुवा. लहान कॅफेंत ती बहुतेक नसते, रस्त्यावरची फुकट स्वच्छतागृहं त्या कामाची नाहीत. मोठी संग्रहालयं आणि मोठी डिपार्टमेंट स्टोअर ही भरवशाची ठिकाणं. बाकी वेळी घडीची चटई आणि बागेतला बाक. अंगावरचं दूध पाजायला कुठं जागा शोधत फिरू नकोस, बागेत, कॅफेत, बसमध्ये पाजता येतं.

खाण्याचं. डायपर, दूध पावडर, फळांच्या गराच्या बाटल्या मोनोप्री, फ्रांप्री अशा दुकानांत जागोजागी मिळतात, बॅगा भरून नेऊ नकोस. रविवारी दुपारनंतर बरीच दुकानं मिटलेली असतात, शनिवारीच भरून ठेव. आणि ऑगस्टअखेरपर्यंत शेजारची छोटी दुकानं सुट्टीवर असू शकतात. बाळांच्या जेवणाच्या बरण्यांमध्ये मात्र सावध राहा. नुसत्या भाज्या वाटाव्यात अशा दिसणाऱ्या बरणीत हॅम, कोंबडी किंवा मासा असतो. फोनच्या भाषांतर ॲपचा कॅमेरा लेबलावर धर, मग उचल. तुमच्यासाठीही हेच. चीजच्या बऱ्याच प्रकारांत दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरलेलं असतं, कडक पाळत असाल तर विचारून घ्या.

भाजून दळलेली डाळ-तांदळाची पेज, नाचणीसत्त्व, मेतकूट इथून ने. साजूक तूप नेऊ नकोस, पेढे-बर्फीही नको. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत. बाळाच्या दूध पावडरीला सूट आहे, कंपनीचं बंद पाकीट असेल, फ्रिज लागत नसेल आणि दोन किलोच्या आत असेल तर. तुपासाठी तिथलं बिनमिठाचं लोणी आणून कढव, सुरेख तूप होतं. मूगडाळ, तांदूळ, हिंग, हळद हवी असेल तर गार द्यु नोर स्टेशनापलीकडे ला शापेल भागात श्रीलंकेच्या तमिळ लोकांची दुकानंच दुकानं आहेत. तिथंच १८व्या विभागात १९८५ पासून गणपतीचं मंदिर आहे, माणिक्क विनायकाचं. दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस, गणेश चतुर्थीच्या सुमारास मंदिराचा रथ रस्त्यावर निघतो, नारळांचे ढीग फुटतात, सगळा भाग फुलांनी आणि कापरानं भरून जातो. तुमच्या दोन आठवड्यांत तो रविवार येतो का ते मंदिराकडे विचारून बघ. सासूबाईंना व्हिडिओ कॉल करायला याहून चांगली जागा मला सुचत नाही.

प्यायला नळाचं पाणी चालतं. बाळासाठी उकळून घे, म्हणून छोटी किटली सोबत हवी. आपल्या दोन गोल पिनांचे फोनचे चार्जर तिथल्या खाचेत बसतात, तीन पिनांच्या किटलीला अडॅप्टर लागेल. कुकर न्यायचा तर इंडक्शनवर चालणारा ने, तिथल्या बऱ्याच घरांत शेगडी तीच असते.

आता नवऱ्याचं. "तिघं जाऊ" हे तो प्रेमानं म्हणतोय, यात मला शंका नाही. पण तो नऊ ते सहा ऑफिसात आणि तू त्याच नऊ ते सहा बाळापाशी, आणि मग रात्रीही तूच, असं झालं तर तू नाशिकचं घर उचलून पॅरिसला मांडलंस इतकंच होईल, वर मदतीला सासूबाई नाहीत. म्हणून निघण्याआधी, तिकिटं काढण्याआधीच, ठरवून घ्या. तो घरी आल्यापासून बाळ त्याचं: जेवण, अंघोळ, झोपवणं. पहाटे साडेतीनचा फेरा पहिले चार दिवस एकाआड एक. शनिवारची सकाळ पूर्ण तुझी, एकटीची. शक्य असेल तर त्याला पहिल्या दोन दिवसांची रजा घ्यायला सांग, म्हणजे घर लावणं, किराणा, बसचा पहिला प्रवास दोघं मिळून होईल. हे त्याला जड वाटत असेल, तर माझं "जा" मी मागे घेईन.

विमानात पाळण्याची जागा तिकीट काढतानाच मागून घ्या, ती थोडी असते आणि तिला वजनाची मर्यादा असते. चढताना-उतरताना दूध पाज, कानाचा दडा सुटतो. विमानतळावर उतरल्यावर गाडी, बाळ, बॅगा घेऊन आगगाडीच्या नादी लागू नका. बाहेरच्या अधिकृत रांगेतली टॅक्सी घ्या, शार्ल द गोल विमानतळावरून शहरात येण्याचं भाडं सरकारनं ठरवून दिलेलं आहे. टॅक्सीत बाळाचं आसन सहसा नसतं. हवं असेल तर तसं सांगून आधी गाडी ठरवा.

राहिले कागद. बाळाला स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) लागतो. सहा वर्षांखालच्या मुलांना व्हिसाचं शुल्क नाही, तुम्हाला प्रत्येकी ९० युरो. बाळाच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. अर्जावर आईवडील दोघांच्या सह्या लागतात, आणि तिघांसाठी किमान ३० हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा विमा. विमा घेताना बाळाच्या बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च त्यात आहे का ते वाचून घे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उन्हाळ्यातल्या प्रवासासाठी भेटीच्या वेळा फार लवकर भरतात. पासपोर्टसाठी बाळाचा जन्मदाखला हातात असायला हवा. तो महापालिकेकडून आला नसेल तर या आठवड्यातच जाऊन घे.